घरच्या हाताचा पाठ

साहित्याच्या अभ्यासकाला 'मूळ' या शब्दाची जुनी खोड असते. कोणतीही संहिता समोर आली की तिचा मूळ पाठ कोणता आणि त्यात मागाहून कोणी काय घातले, हे आम्ही आधी विचारतो. ती आवडली की नाही, हा प्रश्न नंतरचा. ही खोड वारशाने आलेली आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना बजावून ठेवले, की यात जो आपली ओवी मिसळील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ पर्यंत चालले, तेही याच चिंतेपोटी. त्या आवृत्तीतली एक गोष्ट आम्हाला नेहमी लोभस वाटत आली आहे. जो पाठ संपादकांना पुरेसा निश्चित वाटला नाही त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. पाठ ठेवला, पण शंकाही उघड ठेवली.

हे सारे येथे आठवण्याचे कारण एक मोटारगाडी आहे. आमचा एक जुना विद्यार्थी, बारावीपर्यंत मराठीत रमलेला आणि पुढे रीतीप्रमाणे अभियांत्रिकीला गेलेला, जर्मनीत नोकरीला असतो. त्याने आणि त्याच्या शेजारच्या एका निवृत्त फिटरने मिळून दोन हिवाळे खपून एक गाडी तयार केली. बीएमडब्ल्यू ३३०आय ही चार दारांची, घरच्या माणसांना घेऊन हिंडण्याजोगी, मुळातच बऱ्यापैकी चपळ गाडी. हिच्यात त्यांनी एम३ या त्याच घराण्यातल्या सर्वांत जलद गाडीचे इंजिन बसवले. छायाचित्रे पाठवताना त्याने विचारले, "सर, तुमच्या भाषेत सांगा, ही नक्कल झाली की प्रक्षेप?"

उत्तर द्यायला आम्ही बसलो आणि या प्रकाराचा इतिहास वाचता वाचता प्रश्नच उलटा दिसू लागला. कारखाने आज ज्या जलद सेडान गाड्या 'मूळ' म्हणून विकतात, त्यांची पहिली प्रत बहुधा कोणीतरी स्वतःसाठी केलेली होती. कारखान्याने ती पुढे छापून काढली. घरी बसून कोणी आज तसली गाडी करतो तेव्हा तो मुद्रित प्रतीची नक्कल करत नसतो. मुद्रणापूर्वीची जी हस्तलिखित परंपरा होती तिच्यात तो आणखी एक पोथी घालत असतो. हे विधान धाडसाचे आहे, म्हणून पुरावा थोडा तपशिलाने मांडतो.

९ डिसेंबर १९५९ रोजी बीएमडब्ल्यूच्या भागधारकांची जी सभा झाली तिच्यात ही कंपनी डायम्लर-बेन्झच्या घशात जाता जाता राहिली. हर्बर्ट क्वांट यांनी पैसा घातला आणि कंपनी तगली. तिला उभे करणारी गाडी १९६१ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली, ती १५००. इंजिन होते अलेक्स फॉन फाल्कनहाउझेन यांचे. व्यवस्थापनाने त्यांच्याकडे १.३ लिटरचे इंजिन मागितले होते. दीड लिटरच्या खाली जाण्यात अर्थ नाही हे त्यांनी पटवून दिले, आणि पुढे ते दोन लिटरपर्यंत वाढू शकेल एवढी जागा बिडाच्या ब्लॉकात ठेवून दिली. गाडीला सुरुवातीला लागणार होत्या त्या जेमतेम ८० अश्वशक्ती. पोथी लिहिणारा चारही बाजूंना कोरा समास सोडतो, पुढे कोणी टीप लिहील म्हणून. फाल्कनहाउझेन यांनी तो समास बिडात सोडला, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांना ही गरज कळली याचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. युद्धानंतर म्युनिक उद्ध्वस्त झालेले होते, बीएमडब्ल्यूला मोटारी करण्याची सोय उरली नव्हती. त्या दिवसांत फाल्कनहाउझेन यांनी स्वतःचे छोटे वर्कशॉप काढले आणि युद्धापूर्वीच्या ३२८ या मॉडेलचे भाग जमवून शर्यतीच्या गाड्या केल्या. आपल्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्यांनी त्या गाड्यांना एएफएम म्हटले. पुढे १९५० च्या दशकात ते बीएमडब्ल्यूत परतले. म्हणजे कारखान्याचे ते थोर इंजिन ज्या माणसाने आखले, तो स्वतः जुन्या गाड्यांच्या हाडांतून नव्या गाड्या उभ्या करणारा घरगुती कारागीरच होता.

यापुढचा प्रसंग या सबंध इतिहासाचा गाभा आहे. १९६६ साली बीएमडब्ल्यूने दोन दारांची एक आटोपशीर सेडान काढली, १६००-२. इंजिन १५७३ सीसी, शक्ती ८५. ही गाडी हलकी होती आणि तिच्या बॉनेटखाली त्याच घराण्यातले मोठे, दोन लिटरचे भावंड सहज बसेल हे इंजिनाची मोजमापे ठाऊक असलेल्या कोणाच्याही ध्यानात आले असते. ते फाल्कनहाउझेन यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी आपल्या स्वतःच्या गाडीत दोन लिटरचे इंजिन बसवून घेतले. कंपनीतलेच दुसरे वरिष्ठ गृहस्थ, उत्पादन-नियोजन पाहणारे हेल्मुट वेर्नर ब्योन्श, यांच्याही ध्यानात ते आले आणि त्यांनीही आपल्या गाडीत तेच केले. एकाने दुसऱ्याला सांगितलेले नव्हते. पुढे दोघांना एकमेकांचा प्रताप कळला आणि दोघांनी मिळून संचालक मंडळापुढे प्रस्ताव ठेवला की ही गाडी कंपनीने विकायलाच काढावी. योगायोगाने त्याच सुमारास न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन अमेरिकेसाठी जोरकस गाडी मागत होते. दोन कार्बुरेटरची १६०० तिथल्या धुराच्या नियमांत बसत नव्हती. साधे मोठे इंजिन बसणार होते. १९६८ च्या आरंभी २००२ बाजारात आली, १९९० सीसी आणि १०० अश्वशक्ती घेऊन. बीएमडब्ल्यूचे नाव अमेरिकेत ज्या गाडीने घरोघर नेले ती हीच.

दोन लेखकांनी एकमेकांना न सांगता एकाच ओळीची दुरुस्ती तशीच करावी, हे पाठचिकित्सेत फार मोलाचे मानतात. दुरुस्ती लेखकाच्या लहरीतून आलेली नसून संहितेतच दडलेली होती, असा त्याचा अर्थ होतो. २००२ ही गाडी १६०० मध्ये आधीपासून होती. कोणीतरी ती वाचायची होती, एवढेच.

येथे एक आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो. ही दोन माणसे 'घरी' काम करत होती असे म्हणणे जरा सोयीचे आहे. एक इंजिन विभागाचा प्रमुख, दुसरा संचालकांच्या पंक्तीतला. त्यांना इंजिन भांडारातून मिळाले, बसवायला कंपनीचे फिटर मिळाले. त्या फिटरांची नावे कोठे नोंदली गेलेली आमच्या तरी वाचनात नाहीत. आमच्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक निदान आपले नाव, तिथी आणि पाठ-मान-कंबर मोडून लिहिल्याची तक्रार तरी लिहून ठेवतो. स्पॅनर धरणाऱ्याला तेवढीही पुष्पिका नाही. तेव्हा 'घर' या शब्दाचा अर्थ येथे जागेवरून घेता येणार नाही. मागणी कोणाची, एवढेच त्यावरून ठरते. गाडी विकण्यासाठी केलेली नव्हती, स्वतः चालवण्यासाठी केलेली होती. एवढ्या मर्यादित अर्थाने आम्ही तो शब्द वापरतो.

खऱ्याखुऱ्या घरचे उदाहरण हवे तर बव्हेरियातल्या काउफबॉयरेन गावी जावे लागेल. तेथे डॉ. रुडोल्फ बोफेनझीपेन यांचा कार्यालयीन यंत्रांचा कारखाना होता. टंकलेखन यंत्रे निघत, नाव अल्पिना. साहित्याच्या माणसांना हे वाचून उगीच बरे वाटेल. त्यांचा मुलगा बुर्कार्ड याने १९६० च्या दशकाच्या आरंभी १५०० या गाडीसाठी दुहेरी वेबर कार्बुरेटरची जोडणी तयार केली. इंजिनाला तोंडे वाढवून दिली तर त्याला श्वास अधिक मिळतो, एवढे साधे तत्त्व. पण त्या तोंडांच्या नळ्या, त्यांची लांबी, जेटांची मापे आणि थंडीत गाडी सुरू होण्याची हमी हे सारे जमवणे साधे नव्हते. बहुतेकांचे तेथेच फसे. बुर्कार्डचे काम इतके चोख होते की १९६४ साली बीएमडब्ल्यूने त्याला मान्यता दिली. ही जोडणी बसवली तरी गाडीवरची कंपनीची हमी रद्द होणार नव्हती. याचे महत्त्व यांत्रिक बाजूपेक्षा अधिकाराच्या बाजूने मोठे आहे. मूळ ग्रंथकाराने भाष्य वाचून 'हे माझ्याच ग्रंथात धरा' म्हणावे, तसा हा प्रकार. १ जानेवारी १९६५ रोजी आठ माणसांनिशी अल्पिना मोटारींसाठी उभी राहिली. तिच्या ढालीच्या आकाराच्या चिन्हात एका बाजूला कार्बुरेटर आणि दुसऱ्या बाजूला क्रँकशाफ्ट आहे. ज्या दोन भागांना हात लावून ती मोठी झाली ते तिने कपाळी मिरवले.

१९८३ साली जर्मन सरकारी खात्याने अल्पिनाला स्वतंत्र मोटार उत्पादक म्हणून मान्य केले, म्हणजे टीकाकाराला ग्रंथकाराचा दर्जा मिळाला. बुर्कार्ड बोफेनझीपेन २०२३ च्या ऑक्टोबरात वारले. त्याआधी, २०२२ च्या मार्चमध्येच, अल्पिना हे नाव बीएमडब्ल्यूकडे जाणार हे जाहीर झाले होते. जुना सहकार्याचा करार २०२५ अखेरपर्यंतचा होता. साठ वर्षांची स्वतंत्र शाखा अशी मूळ खोडात परत गेली.

श्टुटगार्टकडची कथा याच धाटणीची आहे, म्हणून तिच्यातला एकच तुकडा नीट सांगतो. डायम्लर-बेन्झमध्ये एरिख वाक्सेनबेर्गर नावाचे अभियंते होते. राष्ट्रप्रमुखांसाठी म्हणून १९६३ साली काढलेल्या अजस्र '६००' गाडीचे ६.३ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन त्यांनी सामान्य आकाराच्या सेडानमध्ये बसवून पाहिले, आणि तेही कोणी सांगितलेले नसताना. आख्यायिका अशी की विकास विभागाचे प्रमुख रुडोल्फ उलेनहाउट यांनी खिडकीखालून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकला आणि हा आवाज या गाडीचा नव्हे, हे ओळखले. आख्यायिकेचा शब्दन् शब्द खरा मानण्याची गरज नाही. १९६८ साली ३०० एसईएल ६.३ जिनिव्हात प्रदर्शित झाली आणि १९७२ पर्यंत ६५२६ गाड्या निघाल्या, एवढे पुरेसे आहे. २५० अश्वशक्तीची, बाहेरून पाहता एखाद्या बँकेच्या व्यवस्थापकाची वाटावी अशी ती गाडी होती.

याच कंपनीत हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर हे दोघे ३०० एसई गाडीच्या शर्यतीच्या इंजिनावर काम करत होते. कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतल्यावर त्यांनी तेच काम ग्रोसआस्पाख गावी आउफ्रेख्ट यांच्या घरी चालू ठेवले. १९६७ साली जवळच्या बुर्गश्टाल येथे एका जुन्या पीठगिरणीत त्यांनी स्वतःचे वर्कशॉप थाटले. दोघांच्या आडनावांची अक्षरे आणि गावाचे आद्याक्षर मिळून नाव झाले एएमजी. १९७१ साली बेल्जियमच्या स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांनी वाक्सेनबेर्गर यांची तीच गाडी उतरवली, इंजिन ६.८ लिटरपर्यंत बोअर केलेले, शक्ती ४२८. हलक्या गाड्यांच्या घोळक्यात ती जाडजूड लाल सेडान एकंदरीत दुसरी आली. लोक तिला 'लाल डुकरीण' म्हणू लागले. म्हणजे एका घरगुती पाठावर दुसरा घरगुती पाठ रचला गेला. पुढचे ओघाने आलेच: १९९० मध्ये सहकार्याचा करार, १९९९ मध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा, २००५ मध्ये संपूर्ण मालकी.

कारखान्यांनी बाहेरचे घर विकत घेतले त्याआधी बीएमडब्ल्यूने स्वतःच्या आवारात एक घर बांधून पाहिले होते. १९७२ साली मोटरस्पोर्ट नावाची निराळी उपकंपनी निघाली, योखेन नीयरपाश यांच्या हाताखाली. शर्यती हे तिचे काम. पण ओळखीतले, हट्टी आणि पैसेवाले ग्राहक आपली पाचच्या मालिकेतली सेडान घेऊन येत आणि तीत मोठे इंजिन, घट्ट सस्पेन्शन, वेगळे ब्रेक बसवून मागत. अशा सुट्या कामांतून १९८० साली एम५३५आय ही यादीत छापलेली गाडी निघाली, २१८ अश्वशक्तीची. १९८५ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात तिची वारस एम५ आली. एम१ या दोन आसनी शर्यतवजा गाडीच्या चोवीस व्हॉल्व्हांच्या इंजिनाची सुधारलेली आवृत्ती तीत होती: ३४५३ सीसी आणि २८६ अश्वशक्ती. सुमारे २२०० गाड्या झाल्या आणि त्या हातांनी जोडल्या जात. बाहेरून ती जवळजवळ साधीच दिसे. जाळीवर आणि डिकीवर एक छोटे अक्षर, एवढाच भेद.

एम३ ची जन्मकथा तर कोणत्याही गल्लीतल्या गॅरेजात शोभावी. कंपनीचे अध्यक्ष एबरहार्ड फॉन क्यूनहाइम यांनी इंजिनांचे प्रमुख पाउल रोशे यांच्याकडे तीनच्या मालिकेसाठी शर्यतीच्या ताकदीचे इंजिन मागितले. रोशे यांच्या माणसांनी फाल्कनहाउझेन यांच्या त्याच जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा पाया घेतला. वर बसवायला एम१ च्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे हेड उचलले, त्यातले दोन सिलिंडरांचे भाग करवतीने कापून टाकले आणि मागे उघडे पडलेले भोक पत्रा लावून बंद केले. दोन आठवड्यांत इंजिन चालू झाले. पुढे कारखान्यात ते रीतसर ओतले गेले हे खरे. परंतु 'मूळ' एम३ चे मूळ म्हणजे कापलेले हेड आणि ठिगळ. १९६१ साली बिडात सोडलेला समास पंचवीस वर्षांनीही पुरत होता. त्याच ब्लॉकाच्या दीड लिटरच्या, टर्बो बसवलेल्या रूपावर नेल्सन पिके १९८३ साली फॉर्म्युला वनचे विजेते झाले होते. त्या कामी कोऱ्या ब्लॉकांपेक्षा रस्त्यावर हजारो किलोमीटर झिजलेले, तापून-निवून मुरलेले ब्लॉक पसंत केले जात, असेही सांगतात. हे कळल्यावर आम्हाला जुन्या पोथ्यांच्या कागदाची आठवण झाली. असो.

आता विद्यार्थ्याच्या गाडीकडे येतो, कारण येथवरचे सारे मोठ्या लोकांचे झाले.

२००० ते २००६ या काळात निघालेली एम३ फक्त दोन दारांची होती: एक कूपे, एक उघड्या टपाची. चार दारांची एम३ त्या पिढीत कारखान्याने विकलीच नाही. तिच्या आधीच्या पिढीत ती मिळे आणि नंतरच्या पिढीत २००८ पासून पुन्हा मिळू लागली. मधल्या पिढीचे पान कोरे. तेव्हा या दोघांनी ज्या गाडीची 'नक्कल' केली म्हणावे, ती गाडीच अस्तित्वात नाही.

कोरे पान भरणे सोपे नसते. साध्या ३३०आय मध्ये २३१ अश्वशक्तीचे, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकाचे इंजिन असते. एम३ चे इंजिन ३४३ अश्वशक्तीचे, पण ब्लॉक बिडाचा. म्हणजे गाडीचे नाक जड होते आणि पुढच्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या तर ती वळणावर तोंड वळवायला नाखूश होते. इंजिन आले कोठून, तर अपघातात निकामी झालेल्या एका एम३ मधून. मोडीत निघालेल्या गाडीतून गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, डिफरन्शिअल आणि वायरिंगचा सबंध जुडगाही काढून घेतला. वायरिंग कापायचे नाही, सबंध उकलायचे, हा त्या वृद्ध फिटरचा दंडक होता. आमच्या विद्यार्थ्याच्या सांगण्याप्रमाणे एक महिना नुसता तारांच्या रंगांच्या याद्या करण्यात गेला.

डिकीखाली पहिली अडचण आली. एम३ चा सायलेन्सर मोठा आणि आडवा असल्यामुळे कारखान्याने तिच्या डिकीच्या तळाला स्टेपनीचा खड्डाच दिला नव्हता. ती गाडी स्टेपनीविना येई. सेडानला तो खड्डा असतो. म्हणजे एकतर सायलेन्सर नव्याने घडवायचा किंवा खड्डा कापून सपाट पत्रा वेल्ड करायचा. यांनी कापला. दुसरी अडचण पत्र्याच्या ताकदीची. या पिढीच्या गाड्यांत मागच्या ॲक्सलचा सांगाडा जेथे बोल्टांनी बसतो तेथला पत्रा कालांतराने चिरतो, हे जगजाहीर आहे. शंभरावर अश्वशक्ती वाढवायच्या तर तेथे आधी जाड पट्ट्या वेल्ड करून घ्याव्या लागतात. हे काम बाहेरून दिसत नाही आणि हौशी माणूस नेमके तेच टाळतो. तिसरी रुंदीची. सेडान १७३९ मिलिमीटर रुंद, एम३ १७८०. मागची चाके बाहेर येतात आणि कूपेचे फुगीर पत्रे सेडानला लागत नाहीत, कारण मागचे दार तेथेच उघडते. चाकांवरच्या कमानी मग हातोडीने, मिलिमीटर मिलिमीटरने बाहेर काढाव्या लागल्या. आमच्या मते या गाडीतली खरी निर्मिती हीच, कारण याचे मूळ कोठेच उपलब्ध नव्हते.

शेवटची अडचण किल्लीची आणि मीटरची. या गाड्यांत किल्ली, इंजिनाचा संगणक आणि चोरीविरोधी मॉड्यूल एकमेकांना ओळखतात. परका संगणक इंजिन सुरूच होऊ देत नाही. ते जुळवल्यावर मीटर राहतो. एम३ चे मीटर बसवले की त्यात साठवलेला तिचा चेसिस क्रमांक आणि सेडानच्या दिव्यांच्या मॉड्यूलमधला क्रमांक यांचा मेळ बसत नाही, आणि किलोमीटरच्या आकड्यांपाशी एक बारीक ठिपका उमटतो. येथे काहीतरी बदललेले आहे, एवढेच तो ठिपका सांगतो. भांडारकर प्रतीतली ती नागमोडी रेघ आम्हाला येथे म्युनिकच्या अभियंत्यांनी काढलेली भेटली.

अशा सर्वच गाड्यांची आम्ही वकिली करत नाही. साध्या गाडीच्या डिकीवर बाजारातून आणलेले एम अक्षर चिकटवणे आणि सायलेन्सर फोडून गल्ली जागी करणे हा या परंपरेचाच सर्वांत लोकप्रिय पाठ आहे, आणि एकनाथांची नरोटी त्यालाच शोभते. इंजिन वाढवले आणि ब्रेक तसेच ठेवले, ही चूक तर रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणूनच कायद्याला या पाठभेदांत रस असतो. जर्मनीत असा बदल तांत्रिक तपासणी संस्थेपुढे मांडावा लागतो. परीक्षक ब्रेक, धूर, आवाज, वेल्डिंग पाहतो आणि पसंत पडले तर बदल गाडीच्या कागदपत्रांत रीतसर लिहिला जातो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीचा पाठ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी बांधते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन ठामपणे उचलून धरले. आपल्या रस्त्यांची अवस्था आणि अपघातांचे आकडे पाहता या कडकपणाला आम्ही नावे ठेवणार नाही. तरी भेद नोंदवावासा वाटतो. एका पद्धतीत पाठभेद तपासून तळटीपेत येऊ शकतो. दुसरीत तो सहसा संहितेबाहेर राहतो आणि म्हणून चोरून केला जातो. चोरून केलेल्या कामात आतल्या पट्ट्या कोणी वेल्ड करत नाही.

विद्यार्थ्याची गाडी दुसऱ्या खेपेला तपासणीतून सुटली. पहिल्या खेपेस परीक्षकाने एका चाकाच्या कमानीवर बोट ठेवले होते. टायर पूर्ण वळवल्यावर तेथे घासत होता. कागदपत्रांत आता इंजिनाची नवी शक्ती आहे आणि चेसिस क्रमांक जुनाच आहे. आम्ही त्याला हा सगळा इतिहास लिहून पाठवला तेव्हा त्याने उलट टपाली दोनच गोष्टी कळवल्या. मीटरमधला ठिपका घालवून देणारे लोक मिळतात, पण फिटरकाकांनी घालवू दिला नाही. आणि डिकीवर सध्या काहीच लिहिलेले नाही: ३३०आय ही अक्षरे पत्र्याच्या कामाच्या वेळी काढली होती, नवी काय लावावीत यावर दोघांचे एकमत झालेले नाही, आणि जुन्या अक्षरांच्या गोंदाचा माग पॉलिशने अजून पुरता गेलेला नाही.